नऊ नंबरची एकही हरकत नाही

ता. ४ मार्च

लाडक्या भुंग्या,

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, मग तू म्हणतेस, मावशी, मी असं बोललेच नाही. म्हणून पुन्हा कागदावर आले. हसू येत असेल तर हसून घे.

ताई बरी आहे, हे आधी सांगते, नाहीतर तू पत्राचं शेवटचं पान पहिलं वाचशील. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझी फेरी चुकत नाही. दुपारची नऊ नंबर पकडायची, टेकडीवर शुश्रूषागृहाच्या दारात उतरायचं, ताईचे केस विंचरायचे, वेणी घालायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पक्षाघाताच्या त्या झटक्यानंतर तुझ्या आईकडे एकच शब्द उरलाय, ‘बरं’. पण काय वापरते गं ती तो शब्द! चहा हवा असला की एक बरं, खिडकी लाव म्हटलं की दुसरं, आणि माझी बडबड पुरे झाली की तिसरं. ते तिसरं मला चांगलंच पाठ आहे.

परवा तिथल्या नव्या परिचारिकेने हौसेने तिचे केस विंचरायला घेतले. ताईने डाव्या हाताने कंगवा हिसकावला आणि कॉटखाली भिरकावला. मग तिथल्या मोठ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “केस कापूनच टाकू या का? पडून पडून गुंता होतो. तुम्ही येता तोवर ठीक आहे.” ताईने ऐकलं. तिचे डोळे असे झाले की मीच घाईघाईने म्हटलं, मी येतेय ना, मग कशाला कापायचे?

आता मुद्द्याचं. आमच्या बसथांब्यावर एक पिवळा कागद लागलाय. ‘प्रादेशिक वाहतूक धोरण, मसुदा, हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.’ खालच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, आमचे चष्मेवाले, इमारतीतले सगळ्यात शहाणे (हे त्यांचं स्वतःचं मत), त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात नऊ नंबरपुढे लिहिलंय ‘बंद करण्याचे प्रस्तावित’. त्याऐवजी म्हणे फोनवर बोटं नाचवून बोलवायची छोटी गाडी. माझ्या फोनला बटणं आहेत आणि त्यातलं पाचाचं दाबलं जात नाही. टॅक्सी आठवड्यातून तीनदा मला झेपायची नाही, आणि टेकडी चढायची तर माझा गुडघा मला अर्ध्या वाटेत सोडून घरी जाईल.

पण खाली बघते तर शिक्का तुझ्याच कार्यालयाचा! जीव भांड्यात पडला. थांब्यावरच सगळ्यांना सांगून टाकलं, माझी भाची तिथेच बसते, काळजी सोडा.

तुझी,
मावशी


ता. ९ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र चष्मा लावून वाच, आणि दोनदा वाच.

मी त्या कार्यालयात आहे हे खरं. लोकांच्या हरकती आणि सूचना वाचून, मार्गाप्रमाणे वेगळ्या करून, त्यांचा सारांश लिहायचा हे माझं काम. पण आई नऊ नंबरच्या रस्त्यावर राहते. घरच्या माणसाचा संबंध असला की त्या कागदांपासून बाजूला व्हायचं, असा नियम आहे. तसं मी लिहून दिलं. नऊ नंबरचं पाकीट आता शेजारच्या टेबलावर, माझ्या सहकाऱ्याकडे असतं. मी त्यात डोकावूही शकत नाही. आणि खरं सांगू, नियम बरोबर आहे. प्रत्येकाची मावशी कुठल्या ना कुठल्या बसने जातेच.

तेव्हा मी काही करू शकत नाही, पण तू करू शकतेस. तू लिही. चष्मेवाल्यांना लिहू दे. जो जो त्या गाडीत बसतो त्याने लिहू दे. साधा कागद चालतो, दोन ओळी चालतात. वाचनालयात पेटी ठेवली आहे, मार्चअखेरपर्यंत त्यात टाका. मला घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. ते तुझं-माझं बोलणं झालं, त्याला हरकत म्हणत नाहीत.

कसं लिहायचं याची भीती नको. आमच्याकडे काय काय येतं बघ. एका गृहस्थांनी एका बाकाबद्दल अकरा पानं लिहिली आहेत, बाक कुठल्या बाजूला वळवला म्हणजे पाठीला ऊन लागणार नाही ते आकृतीसह. एका बाईंनी कळवलंय की बाकी धोरण ठीक आहे, पण सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर शीळ बेसूर वाजवतो. तेही मी नोंदवलं.

आईच्या केसांचं वाचलं आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं. गेल्या वेळी मी आले तेव्हा माझ्याकडे बघून ती रडायलाच लागली. थांबेचना. मी आले की तिला त्रास होतो असं वाटतं, म्हणून पाय उचलत नाही. तू आहेस म्हणून निभावतंय.

मी उद्यापासून दौऱ्यावर आहे, गावोगावच्या सुनावण्यांची तयारी बघायची आहे. परत येईन तेव्हा तुझी हरकत पेटीत पडलेली असू दे.

तुझा,
भुंगा


ता. १५ मार्च

भुंगोबा,

कळलं, कळलं! शहाण्याला शब्दाचा मार.

कचेरीतलं माणूस कागदावर असंच लिहिणार, हे कळायला मला चष्मा लागत नाही. उद्या कोणी ते पत्र उघडून वाचलं तर? ‘मी काहीच करू शकत नाही’ असं लिहिणं भागच आहे तुला. लहानपणी बिस्किटांचा डबा रिकामा करून ‘मी नाही बाई’ म्हणायचीस, तोच चेहरा पत्र वाचताना डोळ्यांसमोर आला. तू निश्चिंत राहा. माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर जायचं नाही. म्हणजे, इमारतीबाहेर.

चष्मेवाल्यांनी दोन पानी हरकत खरडली होती, त्यात ‘जनतेचा आक्रोश’ वगैरे. मी म्हटलं, फाडा ते. आधीच पोरीच्या टेबलावर कागदांचा ढीग, त्यात तुमचा आक्रोश कुठे ठेवेल ती? आणि तिच्याच गल्लीतून तक्रारींचा पाऊस पडला तर साहेबांपुढे तिलाच खाली बघावं लागेल. कुरकुरले, पण पानं फाडली. बेकरीच्या काकू, वरच्या मजल्यावरचे मास्तर, सगळ्यांना तेच सांगितलं, की घरचं माणूस तिथे असताना बाहेरच्या पेटीत चिठ्ठ्या कशाला टाकायच्या? सगळे केवढे निर्धास्त झालेत म्हणून सांगू!

आणि ताई रडली त्याचं काय घेऊन बसलीस? रडू वाईटच असतं असं तुला कोणी सांगितलं? माझ्याकडे बघून ती कधी रडत नाही. मी म्हणजे रोजचं. तू म्हणजे तू. तिच्या शब्दांची वाट बंद झाली, डोळ्यांची आहे अजून, तिथून येतं ते. सवड काढून ये गं.

केस छान आहेत तिचे. आज दोन वेण्या घालून बघितल्या, तर ‘बरं’ म्हणाली, म्हणजे ‘माझं वय काय आणि तू काय करतेस’. एक केली.

तुझी,
मावशी


ता. २ एप्रिल

मावशी,

काय करून बसलीस गं!

तुझं पत्र इथे घरी पडून होतं. मी काल दौऱ्यावरून आले. आज सकाळी जिन्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी भेटला आणि अगदी भलेपणाने म्हणाला, “तुमच्या नऊ नंबरची मंडळी भलतीच समाधानी दिसतात हो. एकही हरकत नाही.” मला वाटलं थट्टा करतोय. दुपारी जेवायला घरी आले तेव्हा तुझं पत्र उघडलं. माझा घास तोंडातच राहिला.

मावशी, मी डोळा मारून लिहीत नव्हते. तो बिस्किटांचा डबा नव्हता. मी खरं ते लिहिलं होतं, जसं होतं तसं. माझ्या हातात काहीही नाही, काहीही नव्हतं. आता कागदावर दिसतंय ते एवढंच, की नऊ नंबर बंद करा म्हटलं आणि त्या रस्त्यावरचं एकही माणूस नको म्हणालं नाही. रिकाम्या पाकिटाकडे बघून कोण म्हणेल की ही गाडी कोणाला हवी आहे?

मी गेली तीन वर्षं इथे बसून लोकांना सांगते, लिहा, बोला, तुमच्या लिहिण्याने फरक पडतो. आणि माझ्या स्वतःच्या मावशीने अख्ख्या इमारतीला गप्प बसवलं, ते माझं नाव सांगून. काय म्हणू मी?

एक वाट उरली आहे. तुमच्या नगर सभागृहात २४ एप्रिलला सकाळी जाहीर सुनावणी आहे. तिथे कोणीही उभं राहून तोंडी बोलू शकतं आणि ते नोंदलं जातं. दारात नाव द्यायचं, तीन मिनिटं मिळतात.

आईच्या केसांचं काय होणार हा विचार डोक्यातून जात नाही. यापुढे लिहिवत नाही.

भुंगा


ता. ७ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र वाचलं आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. शिवणाच्या मशीनवर कोणाची तरी पँट अर्धी आखूड करून ठेवली होती, ती संध्याकाळपर्यंत तशीच लोंबत होती.

तू पोटच्या पोरीसारखी, तू रागावलीस म्हणून मला वाईट नाही वाटलं. वाईट वाटलं ते याचं, की तू सरळ सांगितलंस आणि मी माझ्या मनाचं वाचलं. फोनवर करते तेच कागदावर केलं. मला वाटायचं, आपलं माणूस आत असलं की काम होतं. आमच्या काळी असंच व्हायचं गं, दुसरं काही मला कोणी शिकवलंच नाही. तुझ्यासारखी माणसं आत बसलीत आणि मावशीलाही नाही म्हणतात, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आता शिरलंय, पण केव्हा, तर पेटी उचलून नेल्यावर.

दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या दारादारांत गेले. जिथे जिथे मिरवलं होतं तिथे तिथे जाऊन सांगितलं, की मी चुकीचं सांगितलं, भाची काही करू शकत नाही, तिने आधीच तसं कळवलं होतं. बेकरीच्या काकू म्हणाल्या, “अहो, पण तुम्ही तर छातीठोक सांगत होता!” मी म्हटलं, हो, तेच तर झालं. मास्तर नुसतं दार पुरतं उघडून ‘आत या’ म्हणाले आणि पाणी दिलं. त्यानेच मला रडू आलं.

चष्मेवाल्यांकडे सगळ्यात शेवटी गेले. वाटलं, आता हा माणूस माझी सालं काढणार. त्यांनी गल्ल्याखालून दोन पानं काढली. फाडलेली, पण मागून चिकटपट्टी लावून जोडलेली. म्हणाले, “जनतेचा आक्रोश असा टाकून देता येत नाही, बाई.” हा माणूस इतकी वर्षं माझ्या पायाखालच्या मजल्यावर राहतो, पण पहिल्यांदाच मला आवडला.

२४ ला आम्ही येतोय. बोलायचं मात्र माझ्याच्याने कसं होईल कोण जाणे. जिन्यात बोलणं वेगळं आणि माइकपुढे वेगळं.

तुझी मूर्ख
मावशी


ता. १२ एप्रिल

मावशी,

मूर्ख म्हणू नकोस माझ्या मावशीला. मी रागाच्या भरात लिहिलं आणि पत्र पेटीत पडल्यावर हात चावत बसले. दारोदार जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणणं हे आमच्या कार्यालयातल्या एकालाही जमलेलं मी पाहिलं नाही.

तीन-चार गोष्टी लक्षात ठेव. समोर अध्यक्षबाई असतील, कडक दिसतात पण ऐकतात. तीन मिनिटं झाली की घंटा वाजते, ती सगळ्यांनाच वाजते, दचकू नकोस. आवाज चढवायची गरज नाही. मी सभागृहात असेन, पण शेवटच्या रांगेत, आणि सुनावणी संपेपर्यंत तुझ्याशी बोलू शकणार नाही. माझ्याकडे बघूही नकोस. बघितलंस तर मला हसू तरी येईल नाहीतर रडू, आणि दोन्ही चालणार नाही.

भुंगा


ता. १९ एप्रिल

भुंग्या,

आज शनिवार, ताईकडे जाऊन आले. भाषण लिहून नेलं होतं. मास्तरांनी दुरुस्त करून दिलं, ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात. तिच्यासमोर उभं राहून सगळं वाचून दाखवलं. ताईने डोळे मिटले आणि म्हणाली, “बरं.” तिसरं बरं! ते पुरे करचं.

मग मी कागद पिशवीत टाकला आणि तिचे केस विंचरता विंचरता नुसतं सांगत बसले, काय झालं, मी काय घोळ घातला, गाडी बंद झाली तर काय होईल. शेवटचं सांगताना माझा हात थांबला. तिने डावा हात मागे आणून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “बरं.” हे बरं मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्याला काय नंबर द्यायचा तेच कळेना.

तेव्हा कागद घरीच ठेवून येते.

मावशी


ता. २५ एप्रिल

प्रिय मावशी,

काल सुनावणी संपली आणि मी धावत बाहेर आले, तर तू नऊ नंबरच्या पायरीवर. गुरुवार होता, आई वाट बघत असणार. खिडकीतून ओरडलीस, “मी काय बोलले देव जाणे, तू लिहून पाठव!” म्हणून लिहिते. तुला आठवत नसेल तर नसू दे, मला अक्षरन् अक्षर आठवतंय.

तुझ्याआधीचे गृहस्थ गाड्या कुठे उभ्या कराव्यात त्यावर बोलले. घंटा वाजली तरी बोलले. मग तुझी पाळी. माइक तुझ्या डोक्याच्या वर होता, तू तो वाकवायला गेलीस आणि तो असा किंचाळला की पहिल्या रांगेने कानांवर हात ठेवले. तू माइकला म्हणालीस, “अरे, मी अजून काही बोललेसुद्धा नाही.” तिथेच लोक हसले.

अध्यक्षबाई कागद बघून म्हणाल्या, “नऊ नंबरबाबत लेखी हरकत एकही आलेली नाही.”

तू म्हणालीस, “येणार कशी? मीच सगळ्यांना लिहू नका म्हटलं. माझं एक माणूस तुमच्या कचेरीत आहे, मला वाटलं ते बघून घेईल. तिने मला साफ कळवलं की मला यात काही करता येत नाही, तुम्ही लिहा. मला वाटलं, पोरगी लाजतेय.”

सगळं सभागृह हसलं, एका अध्यक्षबाईंखेरीज. त्यांनी विचारलं, “कोण आहे ते माणूस?”

आणि मावशी, तू छताकडे बघायला लागलीस. पंखे मोजत असल्यासारखी. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून! “नाव नाही सांगणार,” म्हणालीस. “तिने काही केलेलं नाही. काही केलं नाही, म्हणून तर मी इथे उभी आहे.”

मला बसवेना. मी उठून म्हटलं, “मी. ही माझी मावशी.” सहकाऱ्याने पुढे वाकून अध्यक्षबाईंना माझं बाजूला झाल्याचं पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “नोंद आहे. बसा.” मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमची मिनिटं आता सुरू. बोला.”

तू बोललीस, “ती बोलवायची गाडी चांगली असेल, मी तिला नावं ठेवत नाही. पण मला ती बोलवता येत नाही. आणि माझ्या बहिणीला एकच शब्द बोलता येतो, तो काही ‘गाडी’ नाही. उशीवर पडून पडून तिच्या केसांचा गुंता होतो. एक दिवसाचा गुंता हाताने सुटतो, दोन दिवसांचा कंगव्याने सुटतो, त्यापुढचा कात्रीने. मी मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी जाते. बसमध्ये माझ्यासारखीच माणसं असतात, कोणी भाऊ बघायला चाललेला, कोणी बायको. आम्ही जास्त नाही. पण आम्ही उतरतो ना, तेव्हा वर कोणीतरी खिडकीत बसलेलं असतं. बास, एवढंच.”

घंटा वाजली नाही. अध्यक्षबाईंचा हात तिच्यावर होता, पण वाजवली नाही. मग चष्मेवाले उठले, चिकटपट्टीची पानं छातीशी धरून, आणि म्हणाले, “जे नऊ नंबरने येतात त्यांनी उभं राहावं.” मला मागून नुसत्या पाठी दिसत होत्या, एकेक करून वर येणाऱ्या. दारात नऊ नंबरचा ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा होता. तो आधीपासूनच उभा होता, पण त्याने टाचा जुळवल्या.

मी शेवटच्या रांगेत होते ते बरं झालं. दोन्ही आलं, हसू आणि रडू. आणि एक विचार आला, की आईच्या केसांत किती दिवसांत किती गुंता होतो हे मला माहीतच नव्हतं. ते मी एका सुनावणीत ऐकलं.

निर्णयाला वेळ लागेल. काय होईल ते मला खरंच माहीत नाही. हे वाक्य आहे तसंच वाच.

तुझा,
भुंगा


ता. ६ जून

प्रिय मावशी,

आज निर्णय जाहीर झाला, उद्या थांब्यावर लागेल. त्याआधी तुला कळवते.

नऊ नंबर राहिली. पण आठवड्याचे सगळे दिवस नाही, मंगळवार आणि गुरुवार फक्त. बाकीचे दिवस बोलवायची गाडी. सुनावणीतलं तुझं बोलणं अहवालात आलंय, गुंत्यासकट. तू तीन वार सांगितलेस, त्यातले दोन मिळाले. शनिवारी ड्रायव्हर पुरत नाहीत म्हणे. वर्षाने पुन्हा विचार करणार.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. गुरुवार ते मंगळवार. हाताने नाही, कंगव्याने नाही.

मावशी, शनिवार माझा. मला शनिवारी सुट्टी असते, इतके दिवसही होतीच. सकाळची रेल्वे पकडते, स्टेशनवरून ती बोलवायची गाडी बोलावते. माझ्या फोनचं पाचाचं बटण चालतं.

भीती एकच आहे. ती रडली तर मी काय करू? आणि तिने कंगवा कॉटखाली फेकला तर?

भुंगा


ता. ११ जून

माझ्या राजा,

दोन मिळाले तर दोन. चष्मेवाले म्हणाले, ‘अंशतः विजय’. मी म्हटलं, अहो, पूर्णच आहे, तुम्हाला तिसऱ्याचं ठाऊक नाही.

रडली तर रडू दे, रुमाल जवळ ठेव, एक तिला एक तुला. कंगवा फेकला तर वाकून काढ, तुझे गुडघे तरुण आहेत. टोकाकडून सुरुवात कर, मुळाकडून नको. भांग डावीकडे. वेणी मानेवर नको, कानामागून पुढे घे, म्हणजे तिला डाव्या हाताने चाचपून बघता येते. बघतेच ती. मोठी चिकित्सक बाई आहे, तुला ठाऊक आहे.

मावशी


ता. २२ जून

प्रिय मावशी,

काल गेले होते.

दारातून आत आले आणि तिला रडू फुटलं. मी पळून गेले नाही. कॉटवर तिच्याशेजारी बसले. माझंही सुरू झालं. रुमाल दोन्ही संपले. मग ती म्हणाली, “बरं.” कितवं ते मला अजून ओळखता येत नाही.

टोकाकडून सुरुवात केली. तिने मान हलवली नाही. मला वाटलं जमलं. वेणी पुढे घेऊन दिली, तिने बोटांनी वरून खाली चाचपली. आणि मावशी, तिने रबर काढलं आणि वेणी सोडून टाकली, सगळी. मग कंगव्याकडे हात नेला. मी मनात म्हटलं, आता कॉटखाली. तर तिने तो माझ्या हातात ठेवला.

मी पुन्हा घातली. तिने पुन्हा सोडली. पुन्हा कंगवा माझ्या हातात. दुपार तशीच गेली. शेवटच्या वेणीला तिने हात लावला आणि डोळे मिटले, तेव्हा मी निघाले.

तिला माझं आवडलं नाही का गं? खरं सांग.

भुंगा


ता. २६ जून

वेडे,

लहानपणी आमच्या आईला कामातून सवड नसायची. ताईने मला वेणी घालायला शिकवलं, स्वतःच्याच केसांवर. मी घालायची, ती चाचपून बघायची, सोडायची आणि कंगवा पुन्हा माझ्या हातात द्यायची. बोलता येत होतं तेव्हाही एक शब्द बोलायची नाही. मी रडायची, वाटायचं हिला माझं काहीच आवडत नाही.

शिकवतेय गं ती तुला. आज गुरुवार, मी गेले होते. केसांत गुंता नव्हता. ताई खिडकीत बसली होती. मी कॅलेंडरवर शनिवार दाखवून म्हटलं, भुंगा येणार. ती म्हणाली, “बरं.”

हे बरं माझ्याकडेही नव्हतं. तुझं आहे, येऊन घेऊन जा.

मावशी